मागून येणाऱ्यांसाठी

विद्यापीठातून बाहेर पडलेल्यांच्या बातम्या बहुधा एकाच वळणाच्या असतात. अमक्याची सहायक प्राध्यापकपदी निवड झाली, तमकीला पीएच.डी. जाहीर झाली, कुणाचा कवितासंग्रह आला, कुणी जर्मनीला गेलं. आमच्या विभागाच्या माजी विद्यार्थी संघाचं वार्तापत्र काढायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे अशा बातम्या वर्षभर येत असतात. त्या वाचताना मला मनापासून आनंद होतो. पहिल्या सत्रात वर्गात तोंडही न उघडणारा, हजेरी देतानासुद्धा खाली बघणारा मुलगा उपजिल्हाधिकारी झाला, ही ओळ लिहिताना ऊर भरून येतो. पण असे अंक काढता काढता एक गोष्ट मला खुपायला लागली. या बातम्यांत माणूस असतो, त्याचं पद असतं, शाल-श्रीफळाचा फोटो असतो. विद्यापीठ मात्र नसतं. ज्या दोन वर्षांमुळे आपण त्या मुलाला ‘आमचा’ म्हणतो ती त्याने कुणाच्या आधाराने काढली, त्याचा परीक्षेचा फॉर्म कुणी भरला, कुणाच्या खोलीवर तो राहिला आणि पुढे त्याने कुणासाठी तसं काही केलं का, यातलं काहीच त्या ओळीत येत नाही.

आणि ज्यांची बातमी येतच नाही, त्यांचं काय? एम.ए. झालेले, सेट-नेट झालेले, पीएच.डी. केलेले आमचे कितीतरी विद्यार्थी तासिका तत्त्वावर शिकवतात. दरवर्षी नव्याने मुलाखत द्यायची, वर्ष संपलं की काम संपलं, मानधन हातात कधी पडेल ते देवाला ठाऊक. एकेक जण दोन-दोन कॉलेजांत एसटीने धावतो. यांच्यात उत्तम शिकवणारे आहेत, त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गातली मुलं येऊन बसतात. पण वार्तापत्रासाठी पाठवलेल्या माहितीपत्रकातल्या ‘सध्याचे पद’ या रकान्यापाशी त्यांचा हात अडतो आणि पत्रक परत येत नाही. स्नेहमेळाव्यालाही ते येत नाहीत. आले तर मागच्या रांगेत बसतात आणि जेवणाआधी निघून जातात. आपल्याच विभागात आलेल्या माणसाला परकं वाटावं, हे मला सहन होत नाही.

कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र जागा मिळाल्यापासून कॉलेजाकॉलेजांत संघ नोंदले गेले, मेळावे भरू लागले, देणग्यांचे आकडे अहवालात चढू लागले. त्यात वाईट काही नाही. निमित्ताने का होईना, माणसं भेटतात. पण माजी विद्यार्थी म्हणजे काय आणि त्याचं विद्यापीठाशी नातं कशावर टिकतं, हे आपल्याकडे अहवालाच्या किती तरी आधी माणसांनी जगून दाखवलेलं आहे, आणि ते आठवलं की आपण किती थोडक्यात समाधान मानतो हे कळतं.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं. 1862 मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार जण. एवढी एक तुकडी घेतली तरी पुरे. विद्यापीठाच्या परीक्षांमध्ये मराठीला जागा मिळावी म्हणून रानडे आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करत राहिले. न्यायमूर्ती झाले, देशभर नाव झालं, तरी आपण जिथून पदवी घेतली तिथे पुढच्या मुलाला आपल्या भाषेत काय शिकता येईल ही काळजी त्यांनी सोडली नाही. आणि भांडारकर? 1916 साली धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्याचे पहिले कुलपती म्हणून भांडारकर उभे राहिले. वय ऐंशीच्या घरात. स्वतः पदवी घेतली त्याला अर्धशतक उलटून गेलेलं. त्या नव्या विद्यापीठात विद्यार्थिनी होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याला सरकारची मान्यता नव्हती. संस्कृतच्या जगात ज्यांचा शब्द युरोपपर्यंत प्रमाण मानला जात होता, त्यांनी आपलं नाव या चार-दोन मुलींच्या पाठीशी लावलं. माजी विद्यार्थ्याची बातमी म्हणतात ती मला ही वाटते.

कर्व्यांकडे तर मी पुन्हा पुन्हा जाते. मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला होता, आणि तिथे पोचल्यावर वयाने फार लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे तो मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला, 1884 साली बी.ए. झाला. शिकत असतानाच शिकवण्या करून पोट भरायचं आणि मिळालेल्या रुपयामागे एक पैसा बाजूला काढायचा, हा त्याने स्वतःला घालून घेतलेला नियम. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होते. चौसष्टातला एक, तोही शिकवणीच्या कमाईतला! या सवयीतूनच पुढे मुरुड फंड निघाला. नोकरीनिमित्त बाहेर पडलेल्या मुरुडकरांनी मिळकतीतला काही भाग गावासाठी द्यायचा, अशी ती योजना होती, आणि त्या पैशांतून गावात इंग्रजी शाळा उभी राहिली. ज्या गावातून शिकण्यासाठी घाट चढून जावं लागलं, त्या गावच्या मुलांना शाळा गावातच मिळाली. कर्वे तेव्हा महर्षी नव्हते, तिशीही न गाठलेले एक शिक्षक होते. श्रीमंत झाल्यावर बघू, असं त्यांनी म्हटलं नाही, ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते.

पुण्याला फर्ग्युसनमध्ये कर्वे आले ते 1891 साली. टिळक बाहेर पडल्यानंतर गणित कोण शिकवणार, हा प्रश्न होता, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांना आपला एल्फिन्स्टनमधला सोबती आठवला. ते कॉलेज चालवणारेही असेच, नुकतीच पदवी घेतलेली तरुण मंडळी. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात शिकत असताना सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षण द्यायचं, असं ठरवून बसले. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि पाच वर्षांनी फर्ग्युसन. त्यांची भांडणं आपण फार चघळतो. पण पंचविशीच्या आसपासची मुलं, हातातल्या पदवीवर सहज चांगली नोकरी मिळत असताना, दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढतात, ही त्या गोष्टीची सुरुवात भांडणाइतकीच आठवणीत ठेवायला हवी.

कर्व्यांनी आपल्या नात्यातल्या एका हुशार मुलाला शिकायला घरी ठेवून घेतलं होतं. कोकणातल्या मुर्डीचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. तो फर्ग्युसनमध्ये शिकला, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि 1899 साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय. त्या काळी ही बातमी घराघरांत पोचली होती. पण माझ्या मते खरी बातमी पुढे आहे. परांजपे परत आले आणि फर्ग्युसनमध्ये दरमहा 75 रुपयांवर शिकवू लागले. सरकारी शिक्षणखात्यात त्यांना याच्या कितीतरी पट पगार मिळाला असता. ते प्राचार्य झाले, वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते कॉलेज सांभाळलं. भांडारकर महिला विद्यापीठाचे कुलपती झाले तेव्हा पहिले कुलगुरू होते हेच परांजपे. पुढे पुणे विद्यापीठाचेही ते कुलगुरू झाले. एका मास्तराने घरात एका पोराला जागा दिली, त्याचं हे एवढं झालं. कर्व्यांनी परांजप्यांकडून परतफेड मागितल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. मागायची गरजही पडली नसावी. ज्याला कुणी शिकताना सांभाळलं आहे, त्याला दुसऱ्याची नड न सांगता दिसते.

महिला विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर बायकांबद्दल मात्र आपण फारच थोडं बोलतो. तिथली बी.ए.च्या तोडीची पदवी गृहीतागमा, एम.ए.च्या तोडीची प्रदेयागमा. शिक्षण मातृभाषेतून. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. पण सरकारमान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. म्हणजे तोवर तिथे शिकलेल्या प्रत्येक बाईच्या हातातली पदवी सरकारदरबारी कागदच होती. त्या कागदावर मोठी नोकरी मिळणार नाही, हे माहीत असूनही त्या शिकल्या आणि त्यांच्यातल्या अनेकींनी मुलींच्या शाळांत शिकवलं. आज पदवीला किंमत उरली नाही म्हणून आपण हळहळतो. तेव्हा किंमत नसलेल्या पदवीला या बायकांनी आपल्या कामाने किंमत आणली. आणि कर्व्यांच्या मेहुणी, पार्वतीबाई आठवले! वैधव्य आल्यानंतर, वय वाढल्यावर अक्षरओळख पक्की केली, कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमात कामाला लागल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. इंग्रजी जेमतेम, तरी अमेरिकेपर्यंत गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्यांचं ‘माझी कहाणी’ आमच्या मुलींना मी आवर्जून वाचायला देते. मोठ्या वयात शिकायला लाजणाऱ्या एखादीला तर हमखास.

हे सगळं पुण्या-मुंबईचं, एका विशिष्ट वर्गाचं, असं कुणी म्हणेल, आणि ते म्हणणं बरोबर आहे. म्हणून साताऱ्याकडे बघायला हवं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एका चुलीवरचं जेवत, स्वतः रांधत, शेतात राबत, आणि शिकत. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रही. ज्या मुलांनी ते अन्न खाल्लं त्यांच्यातले कितीतरी जण पुढे रयतेचेच शिक्षक झाले, बदली होईल त्या खेड्यात गेले आणि तिथल्या पडवीत शाळा भरवू लागले. याच मुशीतले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले. वकिली करून बक्कळ कमावता आलं असतं. ते भाऊरावांच्या कॉलेजात शिकवायला उभे राहिले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. साताऱ्याच्या बोर्डिंगातला मुलगा कुलगुरूच्या खुर्चीत बसला, यात पदापेक्षा त्याची वाट मला महत्त्वाची वाटते. ती शिक्षणाच्या बाहेर गेलीच नाही.

आजही ही वाट बुजलेली नाही. ती संघांच्या मेळाव्यांत कमी दिसते, एवढंच. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत कुठल्याही जुन्या कॉलेजात रात्री जाऊन बघावं. 1963 पासून चालत आलेली ही एकांकिका स्पर्धा. पावसाळा, बाहेर चिखल, वर्गातले बाक भिंतीला लावलेले, फरशीवर खडूने आखलेला रंगमंच. तालीम चाललेली असते, आणि दाराशी ओली छत्री घेऊन कुणीतरी उभा असतो. दिवसभर आयटीच्या नोकरीत असतो, कॉलेज सोडून काही वर्षं झालेली, पण या दिवसांत घरी न जाता इकडे येतो. लाइट कुठून पाडायचा, ब्लॅकआउटमध्ये सेट किती सेकंदांत बदलायचा, प्राथमिक फेरीत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा जाईल, हे त्याला त्याच्या आधीच्यांनी शिकवलं होतं, तो यांना शिकवतो. येताना वडापाव आणतो, पैसे कुणी विचारत नाही. पोरं त्याला दादा म्हणतात. भरत नाट्य मंदिरात घोषणांनी छत हादरतं तेव्हा आत्ताच्या मुलांच्या आवाजात या दादा-ताईंचेही आवाज असतात. नावं पडद्यावर येत नाहीत. यांची नोंद कुठल्या अहवालात व्हायची?

माझ्या शिकण्यातली अशीच एक वही आहे. भाषाविज्ञानाची. वसतिगृहातल्या एका ताईने परीक्षेआधी मला दिली, तिला तिच्या आधीच्या मुलीने दिलेली. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कडेला डिंकाने चिकटवलेल्या पट्ट्या. व्यंजनध्वनींचा तक्ता एका अक्षरात, त्याच्या कडेला वेगळ्या शाईत दुसरीने लिहिलेली उदाहरणं, एका पानावर तिसरीने चौकट करून घातलेला इशारा, की हा प्रश्न सोपा वाटतो पण वेळ खातो. मुखपृष्ठाच्या आत एकीखाली एक नावं आणि गावं : जिंतूर, राजापूर, चाळीसगाव, वैराग. मीही माझं लिहिलं आणि ती पुढे दिली. ज्या मुलीला दिली ती माझ्या ओळखीचीही नव्हती. ती वही आज कुठे आहे मला माहीत नाही, पण त्या नावांच्या यादीत आपण आहोत याचा मला माझ्या पदवीइतकाच अभिमान आहे.

नव्या मुलांची नड मोठी असतेच असं नाही. बाहेरून आलेल्या मुलाला कुणी सांगतच नाही की दुसऱ्या विद्यापीठातून आलास तर स्थलांतर प्रमाणपत्र लागेल, पात्रतेचा अर्ज मुदतीत करावा लागेल. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरला तरी त्याची प्रत कार्यालयात द्यावी लागते, हे त्याला शेवटची तारीख गेल्यावर कळतं. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत तो कुणाच्या तरी खोलीत सतरंजीवर झोपतो. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम मिळालं तर सकाळी बागेत तण काढायचं किंवा ग्रंथालयात पुस्तकं फडताळात लावायची, मग तास, मग अभ्यास. त्या कामाचे पैसे मेसच्या बिलात जातात. यातल्या एका मुलाला मी विचारलं होतं, कशाची अडचण आहे? त्याने पैसे सांगितले नाहीत. म्हणाला, “मॅडम, कुणाला विचारायचं तेच कळत नाही.” मला वाटतं माजी विद्यार्थ्यांनी सगळ्यांत आधी या वाक्याला उत्तर व्हावं. इमारतीला नाव देणारा दाता हवाच, त्याचे उपकार मानायचेच. पण त्याच्या आधी फोन उचलणारा माणूस हवा.

म्हणून यंदा वार्तापत्राच्या माहितीपत्रकात मी ‘सध्याचे पद’ हा रकाना खाली नेला आणि सगळ्यांत वर एक प्रश्न घातला : पुढच्या वर्षी विभागात येणाऱ्या मुलामुलींना तुम्ही काय देऊ शकाल? संघाच्या बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. लोकांना अवघड वाटेल, उत्तरं येणार नाहीत, असं काहींचं म्हणणं पडलं. उत्तरं आली, आणि आजवर पत्रक न भरलेल्यांकडूनही आली. एका ताईंनी लिहिलं, माझं घर बसस्टँडजवळ आहे, सेटच्या परीक्षेला येणाऱ्या मुलीला आदल्या रात्री राहता येईल, सकाळी केंद्रावर मी सोडीन. निवृत्त झालेल्या एका मुख्याध्यापकांनी एका मुलाच्या मेसचा वर्षभराचा खर्च उचलला आणि खाली अट घातली, मुलाला माझं नाव कळवू नका. एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधन करणारीने सुट्टीत दोघा-तिघांना ते काम शिकवायची तयारी दाखवली. हाताला कसब येईल आणि चार पैसेही मिळतील. कोल्हापूरकडच्या एकाने बोलींवरची जुनी, बाजारात न मिळणारी पुस्तकं विभागाला पाठवून दिली. आणि तासिका तत्त्वावर शिकवणारा एक जण, ज्याच्या तासाला बाहेरची मुलं येऊन बसतात असं मी वर म्हटलं त्यातलाच, त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या : पैसे देणं जमणार नाही. सेटचा पेपर एक मी चांगला शिकवतो, रविवारी सकाळी ऑनलाइन घेईन.

त्याचा वर्ग सुरूही झाला आहे. आमच्या विभागातल्यांबरोबर इतर विभागांतली मुलंही येऊ लागली आहेत, आणि गडचिरोलीकडून एक मुलगी जोडली जाते, तिचं नेटवर्क मध्येच जातं, म्हणून बाकीचे तिला टिपणांचे फोटो पाठवतात.

या उत्तरांची पानं अंकाच्या सुरुवातीला घेतली आहेत; नियुक्त्या आणि पुरस्कार त्यांच्या मागून. प्रवेश सुरू व्हायच्या आत अंक छापून यायला हवा, कारण तो नव्या मुलांच्या हातात पहिल्याच दिवशी पडला पाहिजे. प्रत्येकाच्या नावापुढे फोन नंबर छापायची परवानगी मागितली होती. अट घालणारे मुख्याध्यापक सोडले तर सगळ्यांनी दिली. त्या तासिकावाल्याने तर नंबरापुढे ‘रात्री अकरापर्यंत कधीही’ असं स्वतःहून लिहून पाठवलं आहे.